पाण्यात कान बुडाले की

आमच्या पोहण्याच्या तलावावर दुपारी बायकांचा तास असतो. काचेच्या छपरातून ऊन पाण्यात उतरतं, भिंतींवर उजेडाच्या जाळ्या हलत राहतात आणि कोण कुठून बोलतंय ते कळेनासं होतं. त्या तासाला आम्हाला शिकवते ती आमची ताई. मी तिची सर्वांत ढ विद्यार्थिनी. काठाचा दांडा अजून हातातून सुटत नाही.

तरंगायला शिकवताना ताई बाईला पाठीवर निजवते, कमरेखाली तळहात ठेवते आणि "नाही सोडत" म्हणते. धादांत खोटं! पण गंमत वेगळीच आहे. कान पाण्याखाली गेले की बायका बोलू लागतात. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कुणालाच येत नाही, असं त्यांना वाटतं. नवऱ्याचं, जावेचं, मनातलं सगळं बाहेर येतं. ताई ते पोटात ठेवते.

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाण्यात उतरायला सांगितलं, म्हणून एकदा तिच्या सासूबाईच आल्या. सुनेच्या या नोकरीला आजवर नाकं मुरडणाऱ्या. घरात दोघींचं बोलणं कामापुरतं. पण पहिल्यांदा पाठीवर निजल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "पोरगा पाळण्यात होता. पिशवी भरून निघाले होते मी. कोपऱ्यापर्यंत गेले. तो रडला, परत आले." जरा थांबून म्हणाल्या, "चुकलंच ते."

पाळण्यातला पोरगा म्हणजे ताईचा नवरा. मी शेजारीच होते. ताईनं हात तेवढा घट्ट केला.

पुढे ताईला दुसऱ्या गावच्या मोठ्या तलावावर मुख्य शिक्षिकेची जागा चालून आली, राहायला खोलीसकट. नवरा म्हणाला, "आईला विचार." मला त्या माणसाचा असा राग आला! विचारायचा धीर तिला होईना आणि नाही म्हणायला मन घेईना. असं करता करता उत्तर द्यायचा शेवटचा दिवस उजाडला.

त्या दुपारी सासूबाई पाण्यावर निवांत पडल्या होत्या, कान बुडालेले. मी शेजारीच, दांड्याला धरून. ताई त्यांच्या डोक्याशी उभी राहून हळूच म्हणाली, "आई, मला जायचंय. तुमच्यावर रागावून नाही. पण इथं राहिले, तर तुमच्यावर रागावतच म्हातारी होईन."

सासूबाई हलल्या नाहीत. त्यांच्या पापण्यांवर ऊन डुलत होतं. मग सावकाश उभ्या राहिल्या, केस पिळले.

"पाण्यात ऐकू येत नाही, असं तुला कुणी सांगितलं?"

ताईचा चेहरा पांढरा पडला. सासूबाईही एकदम थबकल्या.

"म्हणजे माझंही तू..."

"ऐकलं होतं, आई."

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

त्यांनी काठाचा दांडा धरला. आता भडका उडणार, असं मला वाटलं.

"जा," त्या म्हणाल्या. "त्याचं मी बघते. आणि हे बघ, तू कोपऱ्यावर पोचलीस की मी हाक मारीनसुद्धा. वळू नकोस."