वायर म्हणजे कुठली वायर

घरमालक काकाजींचं आधी सांगते, बाकीचं मग. माझं कुत्र्याचं पिल्लू आत्ता ओसरीत पाय ताणून झोपलंय, ते त्यांच्यामुळे. वीज खात्यात वायरमन म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली आणि रिटायर होऊन बार्शीकडच्या वाशीत स्वतःचं घर बांधलं. पुढच्या खोल्यांत ते आणि काकू राहतात, मागच्या खोलीत आमचं बिऱ्हाड.

मी गोंदिया जिल्ह्यातली. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला काकाजी म्हणायची रीत आहे. इथं आल्या आल्या तसं म्हटलं तर काकू तोंडाला पदर लावून हसल्या. "काकाजी! जी लावून लग्नातला मानपान करायलीस का गं?" पण काकाजींना ते आवडलं असावं. आता मी चुकून नुसतं काका म्हटलं तर ओ देत नाहीत.

माझे हे पवनचक्कीच्या कामावर आहेत. ती लांबच लांब पाती घाटमाथ्यावर नेतात ना, त्या ट्रेलरवर. एकदा गेले की दिवसचे दिवस येत नाहीत. आठवीतून माझी शाळा सुटली, हाताला येतं ते एकच, प्लॅस्टिकच्या वायरच्या पिशव्या विणणं. तेच करत बसते. घर लांब, माणसं नवी, बोलणं वेगळं, आणि माझा स्वभाव मुळात घाबरा. गॅस बंद केला का ते तीन-तीनदा पाहणारी मी. ह्यांना ते ठाऊक, म्हणून एका खेपेला ट्रेलरखाली सापडलेलं पिल्लू शर्टात गुंडाळून घेऊन आले. म्हणाले, "तुला सोबत."

सोबत कसली, खोलीला वाळवीच लागली. केरसुणी गेली, साबणाची वडी गेली, गादीचा कोपरा गेला. काकाजींची एक रबरी चप्पल अर्धी झाली. काकाजी ती हातात धरून बघत राहिले आणि म्हणाले, "नंबर तरी माझाच ठेवला असतास." खाटेच्या पायाला काकूंनी कारल्याचा रस चोळून दिला, कडू लागलं की सोडेल म्हणून. त्यानं तो रस चाटून पुसून साफ केला, मग पाय कुरतडायला घेतला.

मला भीती होती ती करंटची. कूलरची वायर जमिनीवरून जायची, ती मी उचलून खिळ्याला अडकवली. चार्जर फडताळावर ठेवला. खोलीतून बाहेर पडताना सगळी बटणं बंद. एवढं करून मला वाटायचं की आता पिल्लाला काही धोका नाही. मी विणते त्या वायरीकडे माझं लक्षच गेलं नाही. ती माझ्या रोजच्या हातातली. तिला कोण भिणार?

त्या दुपारी पोपटी रंगाची पिशवी अर्धी झाली होती. वाळलेले कपडे काढायला मी अंगणात गेले आणि परत आले तर पिल्लू मधोमध बसलेलं, तोंडातून पोपटी पट्टी लोंबतेय आणि ते मान हलवत हलवत ती आत घेतंय. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"काकाजी! धावा! पिल्लू वायर गिळून राहिलं!"

आता हे वायरमनचं घर. त्या घरात वायर म्हणजे एकच. पुढच्या खोलीत काकूंचा मिक्सर चालू होता, तो एकदम थांबला, पंखा थांबला, टीव्ही थांबला. काकाजींनी मेन पाडला होता. पायात नवी रबरी चप्पल, हातात वाळकी काठी, असे ते दारात आले आणि गरजले, "हात लावू नको! चिकटशील! माघारी सर!"

मी भिंतीला टेकले. पिल्लानं त्यांना पाहून शेपटी हलवली.

"कुठाय वायर?"

"ही काय, तोंडात!"

काकाजींनी काठीनं पट्टी जरा उचलून पाहिली. "ही? आगं, हिला वायर म्हणतीस?"

"मग काय म्हणू?"

"पिशवी म्हण की! माझा जीव इथं आला." त्यांनी गळ्याला हात लावून दाखवला.

मागून काकू आल्या, हाताला चटणी तशीच. "आन गिळून राहिलं म्हंजी? गिळून कुठं राहिलं?"

"गिळून राहिलं म्हणजे... गिळूनच राहिलं ना, काकू!"

"गिळायलंय म्हण."

आमच्या ह्या बोलाचालीत ते खरंच गिळायलं होतं. बाहेर बोटभरच टोक उरलं. मी गुडघ्यावर बसून ते चिमटीत धरलं आणि ओढणार, तोच काकाजींनी माझं मनगट पकडलं.

"वढू नको."

"काहून? निघेल ना!"

"पाइपात वायर अडकली की वढायची नसती. जितकी वढशील तितकी आतल्या वळणावर घासती. आन हिथं पाइप न्हाय, आतडं हाय. मला कुत्र्यातलं काय कळत न्हाय, पण वढू नको. चल, दवाखान्यात."

मी टॉवेलात पिल्लू गुंडाळून त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसले. त्याचं पोट माझ्या तळहाताखाली धडधडत होतं.

जनावरांच्या दवाखान्यात पुढं एक शेळी होती आणि तिचा मालक. त्यानं आम्हा दोघांकडं पाहिलं. "काय, तुमचं बी जनावर आजारी?" काकाजी म्हणाले, "व्हय. पिशवी खाल्ली." तो माणूस शेळीचं दावं बाजूला ओढून म्हणाला, "जावा मग आधी. आमची नुसतीच लंगडायलीय."

डॉक्टरांनी जबडा उघडून बॅटरी मारली. पट्टीचा एक वेढा जिभेच्या मुळाशी बसला होता, बाकीची आत गेलेली. त्यांनी पहिला प्रश्न केला तो, "ओढून पाहिली का?" मी काकाजींकडे पाहिलं. "न्हाय," काकाजी म्हणाले. "बरं केलं," डॉक्टर म्हणाले. वेढा हळूच कापून त्यांनी मोकळा केला. आत किती गेली असेल, ते मला सांगता आलं, कारण पट्ट्या मीच मापून कापते. हातभर असेल. डॉक्टरांनी पोट चाचपून पाहिलं आणि सांगितलं, आता मोकळी आहे, बहुतेक खालून पडेल. पण उलट्या लागल्या, खाणं सोडलं किंवा पोट कडक लागलं तर एक घटकाही थांबायचं नाही, बार्शीला न्यायचं, ऑपरेशन करावं लागेल. आणि खालून टोक दिसलं तरी ओढायचं नाही.

निघताना म्हणाले, "दात बदलतायत त्याचे. हिरड्या शिवशिवतात. ते चावणारच आहे. काय चावायचं ते तुम्ही ठरवा."

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात ते जेवण न गेल्यामुळे. पिल्लू उडी मारायचं, मी त्याचं पोट दाबून बघायचे. झोपलं की श्वास बघायचे. ह्यांना फोन केला तर म्हणाले, निघेल गं. फोनवर सगळं निघतं. मला वाटायचं, एवढ्या लांब येऊन माझं असं हे एकच, तेही माझ्याच हातच्या वस्तूनं जाणार.

काकाजी म्हणायचे, "येडे, ते खेळायलंय. तू का मरायलीस?"

पण रोज उजाडलं की चष्मा लावून, काठी घेऊन घरामागच्या रिकाम्या प्लॉटात पिल्लाच्या मागं मागं जायचे ते तेच. मला जाऊ द्यायचे नाहीत. म्हणायचे, तू रडशील आन काय दिसायचं न्हाय. ते बसलं की काकाजी वाकायचे, काठीनं उलथंपालथं करून बघायचे. शेजारचे एक भाऊ ब्रश करता करता विचारायचे, "काय वायरमनसाहेब, मीटर रीडिंग घ्यायलाव का?"

"व्हय. बिल निघायचंय."

काकू ओट्यावरून म्हणायच्या, "तालुक्याला उजेड दिला, आन आता हे बघा."

मग एका सकाळी मी चहा टाकत होते आणि मागून काकाजींची आरोळी आली.

"आली! लाईट आली!"

काकू पीठ मळता मळता म्हणाल्या, "गेली कवा होती?"

मी चहा तसाच सोडून पळाले. काकाजी काठीच्या टोकानं दाखवत होते, आणि तिथं माझी पोपटी पट्टी होती, सगळी, गुंडाळी होऊन पडलेली. पिल्लू तिथंच माती उकरत होतं. मी काकाजींच्या पाया पडायला वाकले तर ते मागं सरकले. "हिथं न्हाय, हिथं न्हाय, पाय घाण हायत."

त्याच दिवशी ते माझ्या खोलीत आले आणि चक्क जमिनीवर रांगायला लागले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी. म्हणाले, आपण उभ्यानं बघतो, त्याला काय दिसतं ते बघू. त्यांना खाटेखाली माझं एक बटण, एक सेफ्टी पिन आणि बाटलीचं बूच मिळालं. कूलरची वायर त्यांनी पोकळ प्लॅस्टिक पट्टीत घालून भिंतीला ठोकली, बोर्ड वर सरकवला. माझ्या पिशव्यांच्या वायरी आता झाकणाच्या डब्यात, डबा खुंटीला. मी बाहेर जाते तेव्हा पिल्लू प्लायवूडच्या आडोशात राहतं, सोबत पाणी आणि चावायला जुन्या सुती लुगड्याची पिळून गाठ मारलेली दोरी. ही दोरी ओली करून फ्रीजमध्ये ठेवायची, गार लागली की हिरड्यांना बरं वाटतं. दोऱ्या सुटायला लागल्या की मी ती टाकून नवी करते. फ्रीज काकूंचा. "माझ्या दह्याशेजारी कुत्र्याची दोरी," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. पण दोरी सरली की लुगडं फाडून देतात त्याच.

कुरतडणं संपलेलं नाही. कालच पायपुसणं गेलं. पण आता मी आधी खाली बसून बघते आणि मग ओरडते. बहुतेक वेळा ओरडावं लागत नाही.

इकडची पाती बसवून होत आलीत. पुढचं काम कुठं निघेल ते ह्यांनाही माहीत नाही, पण पिल्लू आमच्याबरोबर येणार. मागं काळजी राहते ती काकाजींची. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. ऑपरेशन ते पुढं ढकलतायत. मुलगा पुण्याला, त्याला रजा नाही, काकूंचा हात थरथरतो, मग महिनाभर डोळ्यात थेंब कोण घालणार, असं त्यांचं म्हणणं. परवा मी सांगितलं त्यांना, हसण्यावारी नेलं. म्हणून इथं परत सांगते. काकाजी, तारीख ठरली की मला फोन करा. मी असेन तिथून येईन, महिनाभर राहीन, आणि ठरल्या वेळेला थेंब मी घालीन.