मुक्या फोनला गाऱ्हाणं

परबकाका फोनवर बोलत, तेव्हा मधली तार निव्वळ शोभेला असे. सारी उमर गिरणीत गेलेली; शंभर मागांच्या खडखडाटावर कमावलेला गळा. पलीकडे गावाला थोरली बहीण, आक्का, नव्वदीची आणि ठार बहिरी. जगात तिला एकाच माणसाचा आवाज ऐकू येई आणि तो माणूस आमच्या मुलुंडच्या इमारतीत, आमच्या शेजारच्या दाराआड राहत असे. दुपारी दोनला "आक्का, म्हस व्याली काय गो?" अशी हाक उठली, की संध्याकाळी समोरच्या इमारतीतल्या गुजराती बायका मला विचारत, रेडा झाला की रेडी.

घरात मोबाईल होता. काका त्याला "खिशातलो उंदीर" म्हणत. आक्काला नंबर पाठ एकच, या घरच्या फोनचा. फोन तिनंच करायचा, कारण इकडून लावला तर तिला घंटी ऐकू येत नसे. म्हणून तो फोन काकांच्या लेखी देव्हाऱ्याखालोखाल.

अशा फोनला मुके फोन येऊ लागले. रोज तीनच्या सुमारास घंटी. उचलावा तर पलीकडे नुसता श्वास. पडद्यावर नंबराच्या जागी चार रेघा. पहिल्या आठवड्यात काकांनी त्या श्वासाला आपली अख्खी जन्मकथा ऐकवली. "बोलणा नाय तर नाय, ऐकता तरी बरा," म्हणाले. काकूंनी मात्र हाय खाल्ली. कोणीतरी घरावर पाळत ठेवून आहे, हे त्यांनी पक्कं केलं आणि त्यांचं ब्लडप्रेशर गच्चीवर जाऊन बसलं. "आता या घरात एक तर तो फोन राहील, नाय तर मी."

मध्ये पडायची अक्कल माझी. मी नवा फोन आणून जोडला. त्याला एक बटण होतं. ते दाबलं, की नंबर न दाखवता येणारा फोन वाजतच नसे. चार दिवस घरात अशी शांतता नांदली, की काकू पाल चुकचुकली तरी दचकत.

पाचव्या दिवशी सकाळी फाटकापासूनच रडणं ऐकू आलं. एसटीनं आलेली आक्का, हातात नारळ. "गणपा रे, माका न सांगता गेलस रे." काकांनीच दार उघडलं आणि विचारलं, "कोण गेलो?" आक्कानं त्यांना नीट न्याहाळलं, पदरानं डोळे पुसले आणि थोबाडीत दिली. "मग फोन कित्याक उचलूक नाय, मेल्या?"

गावच्या जुन्या फोनचा नंबरही पडद्यावर उमटत नसे. हे आधी विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

ते बटण बंद केलं. त्याच दुपारी तीनला मुका फोन आला. काकूंचा चेहरा पांढरा. काकांनी रिसीव्हर उचलला, डोक्यावर टोपी चढवली आणि सरळ गाऱ्हाणं घातलं. गावच्या देवळात घालतात तसं. एकानं मागायचं, बाकीच्यांनी हुंकार द्यायचा.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, हो जो कोण मुको फोन करता, तेच्या जिभेक काय इडापिडा झाली आसात, ती भायर सार रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आक्का म्हणाली. मागोमाग आम्ही.

"तेच्या पोराबाळांची राखण कर. आणि तीन वाजता जागो आसा म्हणजे तेका झोप नाय. ती दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

हा हुंकार आमच्यातल्या कोणाचाच नव्हता. तो रिसीव्हरमधून आला, आणि त्याच क्षणी खालच्या मजल्याच्या खिडकीतूनही.

खाली देसाई राहत. आपण मूळचे पुण्याचे, असं बारा वर्षं छापील मराठीत आम्हाला सांगत आलेले. पण लहानपणी त्या देवळात उभा राहिलेला माणूस हुंकार कसा आवरणार? शिंकेसारखा निघतोच तो.

काकू लाटणं घेऊन निघाल्या. काकांनी वाट अडवली. "आपलो माणूस आसा. झोपमोड आपण करतव, आणि तो बिचारो सांगूकव लाजता." संध्याकाळी ते स्वतःच सोलकढीचा तांब्या घेऊन खाली गेले. काय बोलणं झालं, ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. मुके फोन मात्र थांबले. त्यानंतर काका भर मे महिन्यातही डोक्यावरून रजई ओढून आक्काशी बोलत. आवाज काही कमी झाला नाही, फक्त दोन रजया उसवल्या.

गेल्या वर्षी काका गेले. महिन्याभरानं काकू माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "फोन काढून टाकते रे. आक्का रोज करतात. मी बोलते ते एक अक्षर पोचत नाही. नुसतं 'कोण गो, कोण गो' विचारत बसतात. ऐकवत नाही."

जिन्यात देसाई उभे होते.

दुसऱ्या दिवशी दोनला घंटी वाजली आणि ते वर आले. कोणी बोलावलं नव्हतं. काकूंच्या हातून रिसीव्हर घेतला, घसा खाकरला. पहिली हाक चिरकली. दुसरी जिन्यापर्यंत गेली. तिसरीला रस्त्यावरचा रिक्षावाला मान वर करून बघू लागला. "आक्का, मी खालचो देसाई. जेवलंस काय गो?"

पलीकडून बरंच काही आलं. देसाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग काकूंकडे वळून छापील मराठीत म्हणाले, "पेज आणि भाजलेला सुका बांगडा. विचारतायत, तुम्ही जेवलात का."