कोरफडीचा चीक

माझी थोरली तीन महिन्यांची असताना माझ्या डाव्या बाजूचं दूध साकळलं. माहेरी बाळंतपण करून पारनेरला सासरी येऊन जेमतेम आठवडा झालेला. छाती लाल, गरम, सुजून दगड झाली. पोरीनं तोंड लावलं की ब्रह्मांड आठवायचं. शेजारणी म्हणाल्या, शेळीचं दूध सुरू कर. मी कसली ऐकतेय! माझी पोर माझ्याच दुधावर वाढणार, हा माझा हट्ट.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. बोलायला फटकळ. म्हणाल्या, "शेळीबिळी काय न्हाई. कुंपनाची कोरफड आन. पान कापून उभं ठेव, पिवळा चीक समदा गळू दे. मग नुसता गर घे, हळद घालून कोमट कर नि बांध. सूज उतरती." एवढं सांगून त्या रानात गेल्या.

चीक गळेपर्यंत धीर कुणाला होता! पान चिरलं, चिकासकट गरम केलं, बांधून टाकलं. आणि काय बरं वाटलं म्हणून सांगू! संध्याकाळी ठणका थांबला, सकाळी सूज निम्मी. छाती पुसून मी खुशीत पोरीला पदराखाली घेतलं.

तिनं एकदा ओढलं, तोंड वाकडं केलं आणि जी किंचाळली! मग दुसऱ्या बाजूलाही तोंड लावेना. दुपार झाली. भुकेनं तिचा आवाज बसला, दुधानं माझी चोळी चिंब, आणि मीही तिच्याबरोबर रडायला लागले.

आत्याबाईंनी फडक्याला लागलेला गर जिभेला लावून पाहिला नि थुंकल्या. "अगं येडे! पोर अंगावरनं तोडायची आसली की आमी ह्यो चीक लावतो. तू पाजायला लावलास व्हय?"

पण रागावल्या नाहीत. कोमट पाणी नि बेसन घेऊन त्यांनी स्वतः मला धुतलं. लढाईचे दिवस, रेशनात साखर कुठली? गुळाचं पाणी बोटानं लावलं. पोर आधी नुसती चाटत राहिली, मग चुटुचुटु प्यायला लागली. तेवढं सुख मला आधी ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांची झाली तरी ती सोडेना. शेवटी आत्याबाईंनीच कोरफड चिरून दिली, चिकासकट. मी लावली. पोरीनं चाखलं, तोंड वाकडं केलं, माझ्याच पदरानं खसाखसा पुसलं आणि खुशाल प्यायला लागली.

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "घ्या! तान्ही आसतानाच शिकवून ठिवलीस."