पिस्तुलाआधीचा बत्ता

आमच्या घरातला पितळी बत्ता मीच नेला होता. सात दिवस तो माझ्या कमरेला होता आणि त्यातले पाच दिवस त्याच्या चोरीचा आळ स्वयंपाकाच्या मावशींवर होता. मला ते माहीत होतं. तरी मी बोललो नाही.

त्याचं झालं असं. दुर्गाघाटाच्या गल्लीत भरदिवसा कुणीतरी माझ्या हातातला मोबाइल हिसकावून पळालं आणि पन्नाशीला टेकल्यावर मला एकदम पिस्तूल हवंसं वाटू लागलं. बायकोला न सांगता परवान्याचा अर्ज केला. तो मंजूर होईपर्यंत कोणतं घ्यावं ते ठरवू म्हणून शस्त्रांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक छोटं, पातळ पिस्तूल समोर ठेवलं. मी मूठ धरून पाहिली आणि करंगळी बाहेर राहते म्हणून जाणकारासारखी मान हलवली.

तो म्हणाला, "भाईसाहब, चलाने की बाद में सोचिए. रोज ढो पाएँगे?"

भरलेलं पिस्तूल साधारण पाऊण किलोचं. तेवढंच वजन आठवडाभर कमरेला लावून हिंडा, मग या, असा त्याचा सल्ला. घरी येऊन मी काट्यावर एकेक वस्तू तोलली. बत्ता जवळजवळ बरोबर भरला.

पहिल्या दिवशी तो पोटापाशी खोचला. जेवायला खाली बसताच बरगडीत घुसला. दुसऱ्या दिवशी पाठीशी खोचला, तर बँकेतल्या खुर्चीत दिवसभर टेकता येईना. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरताना पँटच उतरू लागली. दोन्ही हातांनी ती सावरत, बत्ता सदऱ्याबाहेर डोकावत असताना खाली पोचलो, तेव्हा ओळखीचा नावाडी ओरडला, "का गुरु, चटनी पीसे जात हउआ का?"

तिसऱ्या दिवशी बायकोला वेलदोडे कुटायचे होते. खल होता, बत्ता नव्हता.

"मावशी, हल्ली घरातल्या वस्तूंना पाय फुटायला लागलेत," ती म्हणाली.

मावशी पंधरा वर्षं आमच्याकडे येत होत्या. त्यांनी हातातली कणीक तशीच ठेवली. "वहिनी, नुसता बत्ता नेऊन मी काय करू? खल तर इथेच आहे."

इतका बिनतोड मुद्दा मी बँकेत कधी ऐकला नव्हता. पण बायकोने खल उचलून फडताळात ठेवला आणि मी दारात उभा, सदऱ्याखाली बत्ता दाबून धरलेला. बोललो असतो तर अर्ज, पिस्तूल, सगळंच बाहेर आलं असतं. दुसऱ्या दिवसापासून मावशी आल्या नाहीत. पोळ्या मीच लाटत होतो, कमरेला बत्ता लावून.

सातव्या दिवशी घाटावर माकडाने माझा चष्मा ओढला. खरी परीक्षा हीच, म्हणून मी कमरेला हात घातला. बत्ता सदऱ्यात अडकला. तो निघेपर्यंत माकड भिंतीवर बसून चष्म्याची काडी चावत होतं. मी तसाच धूसर धूसर बघत घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं.

"म्हणजे मी त्यांना बोलत होते तेव्हा..."

"कमरेलाच होता."

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिने चपला घातल्या. "चला. माझं मी बोलेन, पण आधी तोंड तुम्ही उघडायचं."

मावशींची खोली दोन गल्ल्या पलीकडे. माझ्या हातातला बत्ता पाहून त्यांचा चेहरा उजळला. "सापडला का दादा? कुठे होता?"

'फडताळामागे' हा शब्द अगदी जिभेवर आला होता.

"हरवलाच नव्हता, मावशी," मी म्हणालो. "मी नेला होता. पिस्तूल झेपतं का ते बघायला कमरेला लावून हिंडत होतो. तुम्हाला बोल लागला तेव्हाही तो माझ्याजवळच होता आणि मी घाबरून गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ करा."