अ‍ॅमस्टरडॅममधला सागवानी बाक

मंडळी, आज अ‍ॅमस्टरडॅमला पुढच्या विमानाला सहा तास होते. सोबत सत्याऐंशी वर्षांचे बाबा. शहरात पाहायच्या पाच जागांची यादी मी गडचिरोलीहूनच करून आणली होती.

पहिल्याच कालव्याकाठी बाबा एका जुन्या बाकापाशी थांबले. नखाने लाकूड खरवडलं, वास घेतला. "सागवान हाय."

"बाबा, चला ना. टाइम नाई आपल्यापाशी."

त्यांनी वाकून बाकाला हात लावला, मग हात जोडले. लोक पाहत होते. मला लाजल्यासारखं झालं.

पन्नासच्या दशकात बाबा आलापल्लीच्या जंगलात सागवान तोडायला जात. कुऱ्हाड लावण्याआधी त्यांचे गोंड सोबती झाडाला हात लावून माफी मागत. बाबाही तेच शिकले.

"पण हे झाड आपल्या जंगलातलं कशावरून?" मी जरा चिडूनच विचारलं.

"नसन. पण कोणी त पाडलंच असन ना? त्यानं माफी मागितली का नाई, कोणाले मालूम. म्हणून मी मागून घेतली."

यादी खिशातच राहिली. विमानतळावर परतायची वेळ होईपर्यंत आम्ही दोघं त्याच बाकावर बसलो.

तुम्ही आत्ता ज्या लाकडावर बसून हे वाचताय, त्याची माफी कोणी मागितली असेल का हो?