श्वास धर म्हणणारा हात

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. तंजावूरच्या एका हॉस्पिटलात अकरा वर्षं एमआरआय मशीन चालवतेय. पडद्यावर दिसतं ते आहे, दिसत नाही ते नाही... इतकं सरळ डोकं. (देवनागरी मोठेपणी शिकलेय, चुकलं तर सांभाळून घ्या.)

गेल्या वर्षी आमच्याकडे एक अभ्यास सुरू झाला — वयाबरोबर किडनी कशी बदलते ते पाहायचा. इंजेक्शन नाही, औषध नाही. रक्तातल्या पाण्यालाच चुंबकाने खूण करायची आणि ते किडनीत किती पोचतं ते बघायचं. अट एकच, सांगितलं की श्वास रोखायचा. श्वासाबरोबर किडनी वर-खाली सरकते आणि चित्र पुसट येतं.

पूर्वी किडनी दिलेल्यांचाही एक छोटा गट होता. त्यात राजवाड्यामागच्या गल्लीतल्या जानकीबाई आल्या. वय एकाहत्तर. माझ्यासारख्याच तंजावूरच्या मराठी, म्हणून मी त्यांना मावशी म्हणू लागले. पंचेचाळिशीत त्यांनी धाकट्या भावाला, गोपाळला, एक किडनी दिली. तो तिच्यावर बावीस वर्षं जगला आणि तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकने गेला. तेव्हापासून मावशींनी धसका घेतला होता — आपली उरलेली एक किडनीही आता थकली असणार. तपासणीला जायच्या नाहीत, इंजेक्शनने ती बिघडेल म्हणून. तिरुवैयारुला लेकीकडे जाणंही बंद. "वाटेत काही झालं तर?"

दुपारचे बारा वाजले असतील. मी त्यांच्या बांगड्या, साखळी, दोन्ही कानांतली ऐकायची यंत्रं काढून ट्रेमध्ये ठेवली — आत धातू चालत नाही. हेडफोन लावले, दार बंद केलं आणि काचेपलीकडे माझ्या जागेवर येऊन बसले.

"मावशी, श्वास सोडा... आता धरा."

पोटावरच्या पट्ट्यामुळे श्वासाची रेघ मला पडद्यावर दिसते. रेघ थांबली.

"घ्या श्वास."

रेघ हलली. असं चौदा वेळा. एकदाही चूक नाही! कॉलेजातल्या मुलांनाही हे जमत नाही.

बाहेर आणल्यावर मी म्हटलं, "मावशी, किती छान केलंत!" त्या नुसत्या बघत राहिल्या. मग ट्रेमधल्या ऐकायच्या यंत्रांकडे बोट दाखवलं. यंत्रांशिवाय त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही, आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

यंत्रं लावून दिली आणि विचारलं, "मग श्वास कधी धरायचा, ते कसं कळलं?"

"कसं म्हणजे? तूच पाय धरून होतीस की! दाबलंस की धरायचा, सोडलंस की घ्यायचा."

"मी नव्हते, मावशी. आत कोणीच नव्हतं."

काचेतून त्यांचे पाय मला सारखे दिसत होते. पांघरूणसुद्धा हललं नव्हतं.

त्यांनी माझा हात घेतला, अंगठा चाचपला. "हा नव्हे. तो खरबरीत होता." मग म्हणाल्या, "आमचा गोपाळ वीणा कोरायचा. त्याचा तसा होता." घाबरल्या मुळीच नाहीत. डोळे भरले होते, पण चेहरा हसरा.

माझा सहकारी म्हणाला, मशीनच्या कंपनाने कळलं असेल. पण कंपन सुरू होतं ते श्वास थांबल्यानंतर! मी सगळ्या रेघा पुन्हा तपासल्या. प्रत्येक वेळी श्वास आधी थांबला होता.

ती चित्रं अभ्यासासाठी, निदानासाठी नव्हेत. तरी रक्ताचे रिपोर्ट जोडीला पाहून डॉक्टर त्यांना तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, किडनी एकटी आहे, पण उत्तम काम करतेय. भिऊ नका." मावशींनी ते दोनदा म्हणवून घेतलं. पुढच्या शुक्रवारी मला फोन आला, मागे बसचा हॉर्न — "तिरुवैयारुला पोचले गं! एकटी आले."

आता ऐकू न येणारं कुणी आलं की आमच्यातली एक आत पायांशी उभी राहते. दाबलं की धरायचा, सोडलं की घ्यायचा. चित्रं स्वच्छ येतात. परवा दुसऱ्या हॉस्पिटलच्या एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "ही युक्ती काढली कुणी?"

"आमच्या एका पेशंटच्या भावाने," मी सांगून टाकलं. "वीणा कोरायचा."