राणेंचं शेवटचं खोकं

माणूस जातो, पण त्याचं काम मागे राहतं, असं शोकसभेत हमखास सांगतात. यशवंत राणेंच्या बाबतीत हे अक्षरशः खरं होतं. त्यांचं मागे राहिलेलं काम एका प्लास्टिकच्या खोक्यात होतं, आणि ते कोणाच्या हातात फुटतं की काय, या धास्तीत त्यांच्या बायकोने सुतकाचे दिवस काढले.

राणे झोपेत गेले. कुवेतच्या रिग्गई भागातल्या त्यांच्या फ्लॅटवरून सुलभावहिनींचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर निघालो होतो. आम्ही एकाच इस्पितळात. त्या नर्स, मी एक्स-रे काढणारा. हृदय बंद पडलं, असं त्यांनी सांगितलं आणि जरा थांबून म्हणाल्या, "हात-डोळे शाबूत आहेत हो..." ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल. पण राणे फौजेत शस्त्रं दुरुस्त करायचे, आणि निवृत्तीनंतर बायकोच्या नोकरीमागे कुवेतला येऊन एका नेमबाजी क्लबात पिस्तुलाची वापरलेली काडतुसं पुन्हा भरायला लागले. इतकी वर्षं नवरा घरी आला की वहिनी आधी त्याची बोटं बघत, मग चहा टाकत.

मला या धंद्यातलं एवढंच कळलं, की सगळी भीती लांबीची असते. रिकाम्या पितळी पुंगळीला बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत मोजून दारू घालायची आणि तोंडावर गोळी दाबायची. गोळी जरा जास्त आत गेली की काडतूस आखूड होतं, आणि आतली मोकळी जागा कमी होते. दारू तेवढीच, जागा कमी. पेटली की दाब एकदम चढतो, आणि तो केसभर चुकीला केसभर वाढून थांबत नाही. लांब काडतूसही निरागस नसतं. गोळी नळीच्या आतल्या पिळदार आट्यांना आधीच टेकली तर दाब तिथेही वाढतो. पण ते बहुधा मॅगझिनमध्येच अडून स्वतःची चुगली करतं. राणे हे मालवणीत एका दमात सांगत: "लांब झाला तर बंदूक कुरकुरता. आखूड झाला तर कुरकुरूक बंदूकच रवाची नाय." मग शांतपणे सोलकढी ओढत. जेवणाच्या टेबलावर अशी वाक्यं ऐकून मी त्यांच्या घरी जरा लवकरच आटोपतं घेत असे.

ते गेल्यावर क्लबच्या मुदीरला, म्हणजे मॅनेजरला, मानवंदनेची कल्पना सुचली. राणेंनी भरलेली शेवटची काडतुसं राणेंच्याच स्मरणार्थ झाडायची, पहिली गोळी खुद्द मुदीरची. फ्लेक्स छापला गेला. त्यावर राणेंच्या मागे मावळता सूर्य होता, आणि राणे पासपोर्टवरच्या चेहऱ्याने त्याला पाठ दाखवून उभे होते. निमंत्रण द्यायला आलेल्या माणसाला वहिनींनी खजूर दिला, आणि तो गेल्यावर मला बोलावून घेतलं. त्यांनी सांगितलं, राणेंना मोतीबिंदू होता. ऑपरेशन गावी जाऊन करू, म्हणून टाळत होते. घरी सरावाला आणलेल्या, लांबी मोजायच्या कॅलिपरवरचा आकडा त्या वाचून दाखवायच्या. हा तीन की आठ, असं विचारायचे. क्लबात वाचून दाखवायला कोण होतं? आणि वहिनींचा नवरा हट्टी. भरायचं थांबवा, असं त्या म्हणाल्या की ऐकू न आल्यासारखं करायचा.

आम्ही क्लबात गेलो. मुदीरचं म्हणणं पडलं, की मृताच्या कामावर शंका घेणं शिष्टाचाराला धरून नाही. वहिनी हिंदीत म्हणाल्या, "शक करने का हक मेरा है. आप सिर्फ डब्बा दीजिए." त्याने दिला.

काडतुसं गोळ्या वर करून ओळीने उभी होती. वहिनी एकेक कॅलिपरमध्ये धरत, मी आकडा वाचत असे. सगळे सारखे. एकही आखूड नाही, एकही लांब नाही. मुदीरने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पहिल्यापासून मीच शंका घेत होतो. माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं होतं; वहिनी मात्र शेवटचं काडतूस बोटांत फिरवत राहिल्या. मग त्यांनी ते उलटं केलं. बुडाशी टोपीची जागा रिकामी होती. दुसरं उलटं केलं, तिसरं... कानाशी हलवलं. आत दारूचा कणही नव्हता.

लांबी गोळी दाबणारं यंत्र सांभाळत होतं. दारू मात्र काट्यावरचा आकडा डोळ्यांनी वाचून तोलावी लागते, आणि ते राणेंनी कोणालाही न सांगता बंद केलं होतं. मुदीरला 'होतंय, होतंय' म्हणत ते नुसत्या लांबीचे नमुने करत बसले होते.

"म्हणजे ऐकलं होतं माझं," वहिनी म्हणाल्या, आणि तिथल्याच स्टुलावर बसून आधी हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या.

मानवंदना ठरल्या दिवशी झाली, विकतच्या काडतुसांनी. खोकं आता क्लबच्या काचेच्या कपाटात आहे. त्याखालची पितळी पाटी मुदीरने मानवंदनेत खोक्यापुढे ठेवायला म्हणून आधीच करायला टाकली होती, ती वाया जाऊ नये म्हणून लावली. तिच्यावर राणेंचं नाव आहे, आणि खाली अरबी नि इंग्रजीत लिहिलं आहे: सावधान, जिवंत काडतुसं.